यंत्राची करवत आणि माणसाचे तर्क

अमेरिकेंतील लांकूडतोड्यांच्या मुलुखांत एक विनोदी गोष्ट फार दिवसांपासून सांगितली जाते. एक म्हातारा लांकूडतोड्या हातकरवतीला कंटाळून दुकानांत गेला. दुकानदारानें त्याच्यापुढें पेट्रोलवर चालणारी साखळीची नवी करवत ठेवली आणि हमी दिली कीं, हिनें दिवसाला पन्नास झाडें सहज पडतील. आठवड्यानें म्हातारा परत आला तो घामाघूम होऊन, हाताला फोड आलेले आणि आवाज चढलेला. "दिवसभर राबलों, पण पांचांच्या वर झाड पडलें नाहीं!" दुकानदार गोंधळला. करवतींत कांहीं बिघाड असेल म्हणून त्यानें ती हातांत घेतली, दोरी ओढली आणि इंजिन घरघरूं लागलें. म्हातारा दचकून दोन पावलें मागें सरला आणि म्हणाला, "अहो, हा आवाज कसला?"

ही गोष्ट ऐकून हंसूं येतें. परंतु जरा विचार केला असतां दिसेल कीं, म्हाताऱ्याची चूक अगदींच वेडगळ नव्हती. जें साधन त्यानें जन्मभर हाताळलें, त्याच्या ओळखीवरून त्यानें नव्या साधनाची पारख केली. करवत म्हणजे पुढेंमागें ओढावयाची वस्तु, एवढें त्याला ठाऊक होतें. शिकलीसवरलेलीं माणसेंही यंत्राच्या करवतीविषयीं जे तर्क बांधतात, ते बहुधा याच जातीचे असतात. कोणी तिला मोठी सुरी समजतो; कोणी तिचा वेग म्हणजेच तिचें बळ असें मानतो; आणि कोणाला वाटतें कीं, एवढें महागाचें यंत्र आहे, तेव्हां त्याला थोडीशी समजही असेलच. या तीन समजुतींतून निघणारे घोटाळे मोठे गमतीचे आहेत, आणि त्यांतले कांहीं बोटांवर बेतणारेही आहेत.

पहिली समजूत सुरीची. सुरीनें काकडी चिरली म्हणजे तिचे दोन भाग बाजूला होतात. ते पुन्हा जुळवले तर काकडी पूर्वीएवढीच भरते. करवत लांकूड चिरीत नाहीं, तासते. तिचा प्रत्येक दांता ही एक चिमुकली पटाशी असते. ती आपल्या पुढची बारीक ढलपी उचलते, दोन दांत्यांमधल्या खोबणींत भरून घेते आणि लांकडाबाहेर नेऊन टाकते. हातकरवतीचे दांते एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित् वळवलेले असतात. यंत्राच्या चकतीवर पुष्कळदां दांत्यांचीं टोकेंच पात्यापेक्षां रुंद ठेवतात. हेतु एकच कीं, पडणारी खांच पात्याच्या जाडीहून रुंद व्हावी आणि पातें तींत अडकूं नये. खालीं जो भुसा पडतो, तो म्हणजे त्या खांचेच्या जागीं पूर्वीं असलेलें लांकूडच होय.

हा हिशेब न कळल्यामुळें होणारी फजिती घरोघर पाहावयास मिळते. एखादा हौशी गृहस्थ आठ फुटांची फळी आणतो, पेन्सिलीनें दोन दोन फुटांवर रेघा मारतो, रेघांवरून नीट कापतो आणि चार तुकडे घेऊन कपाटांत बसवावयास जातो. पाहतो तों चारांपैकीं एकही बरोबर दोन फूट भरत नाहीं! फळी तीन ठिकाणीं कापावी लागली; प्रत्येक खांच ३ मिलिमीटर धरली, तर ९ मिलिमीटर लांकूड भुसा होऊन जमिनीवर पडलें आहे. गृहस्थ मात्र वखारवाल्याच्या मापाला दोष देतो. सुतारांमध्यें यावर एक जुना विनोद आहे. नवखा उमेदवार तक्रार घेऊन येतो : "मिस्त्री, ही फळी तीनदां कापली, तरी आंखूड ती आंखूडच!" जाणता सुतार रेघेवरून कापीत नाहीं, तो रेघ शिल्लक ठेवून टाकाऊ बाजूनें कापतो, आणि एक तुकडा कापून झाल्यावरच पुढच्याचें माप घेतो.

दुसरी समजूत वेगाची. हातकरवतीचा अर्धा प्रवास फुकट जातो, कारण बहुतेक करवती एकाच दिशेनें कापतात आणि परततांना नुसत्या येतात. ही उधळपट्टी थांबवावयाची, तर दांते वाटोळ्या चकतीच्या कडेला बसवावे आणि चकती एकाच दिशेनें फिरवीत राहावें, हें उघड आहे; पण उघड गोष्टी सुचावयासही वेळ लागतो. साऊदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर या शिडें बनवणाऱ्या इंग्रज कारागिराच्या १७७७ सालच्या पेटंटांत वाटोळ्या करवतीचा उल्लेख आहे. अमेरिकेंत हें श्रेय टॅबिथा बॅबिट या बाईला देण्याची परंपरा आहे. मॅसॅच्युसेट्समधील शेकर पंथाच्या वसाहतींत ती राहत असे. दोघे जण करवत ओढतांना निम्मे श्रम वायां जातात हें पाहून तिनें १८१३ च्या सुमारास चरख्याला दांत्यांची चकती लावली, असें सांगतात. मिलरचें पेटंट त्याहून छत्तीस वर्षें आधींचें आहे, त्यामुळें पहिलेपणाचा मान तिला देतां येत नाहीं. परंतु चरख्याच्या चाकावरून करवतीची कल्पना सुचावी, हें ज्यांनीं घरांत चरखा पाहिला आहे त्यांना अशक्य वाटणार नाहीं.

आजच्या टेबलावरील करवतीची दहा इंची चकती मिनिटाला सुमारें ४,००० फेरे घेते. तिच्या कडेचा दांता सेकंदाला सुमारें ५३ मीटर, म्हणजे ताशीं १९० किलोमीटर वेगानें जातो. चकतीला ४० दांते असले, तर एका सेकंदांत अडीच हजारांहून अधिक दांते लांकडाला स्पर्श करून जातात. त्याच सेकंदांत फळी १० सेंटिमीटर पुढें सरकली, तर प्रत्येक दांत्याच्या वांट्याला एका मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाहूनही कमी लांकूड येतें. यंत्राच्या करवतीचें सगळें रहस्य यांत आहे. ती मोठा घांस घेत नाहीं. लहान लहान घांस घेते, पण ते हजारोंनीं घेते.

म्हणूनच दुकानांत येऊन "जास्त दांत्यांचें पातें द्या, लवकर कापेल" म्हणणारें गिऱ्हाईक पाहून दुकानदार मनांतल्या मनांत हंसतो. दांते वाढले कीं, त्यांच्यामधल्या खोबणी लहान होतात. भुसा साठावयास जागा उरत नाहीं, पातें तापतें आणि लांकडाची कड काळी पडते. लांकूड तंतूंच्या दिशेनें उभें चिरावयाचें असेल तर थोड्या, मोठ्या दांत्यांचें पातें घेतात; प्लायवुड साफ कापावयाचें असेल तर पुष्कळ, बारीक दांत्यांचें. एकानें काम लवकर होतें, दुसऱ्यानें सुबक होतें. तसाच दुसरा भ्रम जोराचा. करवत हळू चालली कीं नवखा माणूस तिच्यावर रेटा देतो. त्यामुळें चकतीची गति कमी होते आणि काम अधिकच रेंगाळतें. करवत रेटावी लागते याचा अर्थ तिची धार गेली आहे. साखळीच्या करवतीखालीं जाड ढलप्या पडत असल्या तर दांते ठीक आहेत. पिठासारखा भुसा पडूं लागला कीं कानस हातांत घ्यावी. नवखा मात्र तें पीठ पाहून "काय बारीक काम होतें आहे!" म्हणून खूष होतो.

दांत्यांच्या बाबतींत खुद्द जाणत्यांचीही पुष्कळ वर्षें फसगत झाली होती. जर्मनींत आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी साखळीची करवत केली. एमिल लेर्प यानें १९२७ सालीं पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीची परीक्षा थुरिंगिया प्रांतांतील डोल्मार नांवाच्या डोंगरावर घेतली. हीं यंत्रें इतकीं जड होतीं कीं, तीं चालवावयास दोन माणसें लागत. इंजिनें पुढें हलकीं झालीं, पण साखळीवरचे दांते हातकरवतीच्याच वळणाचे राहिले. ते लांकूड ओरबाडीत, भुशानें भरून येत आणि त्यांना वारंवार कानस लावावी लागे. नव्या यंत्राला जुने दांते बसवणें ही विनोदांतल्या म्हाताऱ्याचीच चूक होती. फक्त ती कारखान्यांत होत होती.

ती चूक सुधारली एका अळीनें. १९४६ सालीं अमेरिकेंतील ओरेगॉन राज्यांत जोसेफ बफर्ड कॉक्स नांवाचा लांकूडतोड्या रानांत काम करीत असतां त्याला एका लांकडांत भुंगेऱ्याची अळी सांपडली. अळी माणसाच्या बोटाएवढी. पण ती लांकडाच्या तंतूंच्या दिशेनें आणि तंतूंच्या आडवीही सारख्याच सहजतेनें वाट पाडीत होती. कॉक्सनें तिचे जबडे भिंगाखालीं पाहिले. ती ओरबाडीत नव्हती. तिचे दोन वळलेले जबडे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे आळीपाळीनें लांकूड खरवडून काढीत होते. कॉक्सनें तीच आकृति पोलादांत उतरवली : साखळीवर एक वळलेला दांता डाव्या अंगाचा, पुढचा उजव्या अंगाचा. १९४७ सालीं पोर्टलंड येथें त्यानें या साखळीचा धंदा सुरू केला, आणि आजही साखळ्यांची घडण मुख्यतः त्याच कल्पनेवर उभी आहे. या दांत्यापुढें एक बोथट उंचवटा असतो. दांत्यानें किती खोल घांस घ्यावा हें तो ठरवतो. कांहीं चतुर माणसें तो निरुपयोगी समजून कानशीनें घांसून टाकतात. मग दांता हांवरटासारखा लांकडांत रुततो आणि करवत हातांत उसळते.

याच करवतीविषयीं अलीकडे आणखी एक समजूत पसरली आहे : ती म्हणे मुळांत बाळंतपणासाठीं शोधली गेली! ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें धूर ओकणारें यंत्र घेऊन उभा असलेला डॉक्टर येतो आणि अंगावर कांटा उभा राहतो. वस्तुस्थिति इतकी भयंकर नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश वैद्यांनीं हाडें कापण्यासाठीं एक बारीक दांत्यांची लवचिक साखळी वापरांत आणली. अडलेल्या बाळंतपणांत कमरेच्या हाडांचा सांधा मोकळा करणें हा तिचा एक उपयोग होता, रोगग्रस्त हाड काढणें हा दुसरा. साखळीच्या दोन टोकांना दोन मुठी असत आणि ती हातानें ओढावयाची असे. १८३० च्या सुमारास जर्मनींतील बर्नहार्ड हाइने यानें हातानें फिरवावयाची मूठ लावून साखळी पात्याभोंवतीं फिरवली. यांपैकीं कशालाही इंजिन नव्हतें, आणि कोणतेंही साधन झाड तोडण्याएवढें मोठें नव्हतें.

रुग्णालयांतील दुसऱ्या एका करवतीची भीति मात्र शहरांतील पुष्कळ घरांनीं अनुभवली असेल. मुलाचा हात मोडलेला असतो, प्लॅस्टर काढण्याचा दिवस उजाडतो, आणि डॉक्टर वाटोळ्या दांतेरी पात्याचें यंत्र सुरू करतात. मूल किंकाळी फोडतें. कधीं कधीं आईही डोळे मिटून घेते. तेव्हां डॉक्टर हंसत हंसत तें पातें स्वतःच्या तळहाताला लावून दाखवतात. हें यंत्र मिशिगनमधील कॅलामझू येथील अस्थितज्ज्ञ होमर स्ट्रायकर यांनीं १९४० नंतरच्या दशकांत तयार केलें. त्याचें पातें फिरत नाहीं; तें जागच्या जागीं अगदीं थोडेंसें इकडून तिकडे, मिनिटाला हजारों वेळां थरथरतें. कडक प्लॅस्टर त्या थरथरीबरोबर हालूं शकत नाहीं, म्हणून कापलें जातें. मऊ कातडी पात्याबरोबरच हालते, म्हणून वांचते. अर्थात् यालाही मर्यादा आहेच. पातें तापतें, तें दाबून धरलें किंवा ओढीत नेलें तर कातडी भाजते अथवा खरचटते. म्हणून डॉक्टर तें टेकवतात, उचलतात आणि पुन्हा पुढें टेकवतात. परंतु घरीं जातांना मुलाच्या मनांत एक नवी आणि अधिक धोक्याची समजूत शिरूं शकते, ती ही कीं, करवतीला कातडी ओळखतां येते. आईबापांनीं ती त्याच दिवशीं काढून टाकावी.

येथें तिसरी समजूत येते : यंत्राला समज असते. तिला बळकटी देणारें एक यंत्र खरोखरच निघालें आहे. अमेरिकेंतील स्टीफन गॅस यांना १९९९ सालीं एक युक्ति सुचली. करवतीच्या पात्यांतून अत्यंत क्षीण विद्युत्-संकेत सोडावयाचा. माणसाचें शरीर वीज वाहून नेतें, कोरडें लांकूड जवळजवळ नेत नाहीं. बोट लागतांच संकेत बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा दांत्यांत घुसतो आणि सेकंदाच्या सुमारें दोनशेंव्या भागांत पातें थांबतें. प्रात्यक्षिकांत बोटाच्या जागीं मांसाची सॉसेज लावून दाखवतात. तिला नुसता ओरखडा येतो. पाहणारे म्हणतात, "यंत्रानें मांस ओळखलें!" यंत्रानें ओळखली ती फक्त विजेची वाट. फार ओलें लांकूड लागलें तरीही तें तितक्याच तत्परतेनें थांबूं शकतें. साध्या करवतीला तर एवढेंही कळत नाहीं. धोका पाहून हात मागें घ्यावयास माणसाला सेकंदाचा पांचवा भाग तरी लागतो. तेवढ्या अवधींत वर सांगितलेल्या चकतीचे पांचशेंहून अधिक दांते निघून गेलेले असतात.

बचावाविषयींचे तर्कही असेच उलटे असतात. हातमोजे घातले कीं बोटें सुरक्षित, असें वाटतें. फिरत्या चकतीपाशीं मोजाच दांत्यांत सांपडतो आणि बोटांना ओढून नेतो. सैल बाही, गळ्यांतला रुमाल, ओढणी, पदर यांचेंही तेंच. उलट साखळीच्या करवतीनें झाडें तोडणारे जी खास विजार घालतात, ती चिलखतासारखी अभेद्य असेल असा समज असतो. वास्तविक ती फाटते, आणि फाटण्यासाठींच केलेली असते. तिच्या आंतले लांब, चिवट धागे ओढले जाऊन साखळी फिरवणाऱ्या चक्रांत गुंततात आणि साखळी अडून थांबते.

सर्वांत जुना भ्रम रंगभूमीनें पसरवला. जोसेफ आर्थर यांच्या १८९० सालच्या 'ब्लू जीन्स' या अमेरिकन नाटकांत खलनायक नायकाला लांकूडगिरणींत बेशुद्ध करून फिरत्या करवतीच्या वाटेवर ठेवतो, आणि नायिका दार फोडून त्याला सोडवते. हा प्रसंग इतका गाजला कीं, पुढें त्याच्या शेंकडों नकला झाल्या. त्यांत ओंडक्यावर नायिका बांधलेली आणि सोडवणारा नायक, अशी अदलाबदल होऊन बसली. त्याहून मोठी अदलाबदल करवतीच्या स्वभावाची झाली. ती राक्षसासारखी सावज आपल्याकडे ओढून घेते, असें प्रेक्षकांना वाटूं लागलें. गिरणींत ओंडका पुढें नेणारा गाडा निराळाच असतो. टेबलावरच्या करवतीचे पुढचे दांते माणसाच्या दिशेनें खालीं येतात, म्हणजे ते फळीला त्याच्याकडेच परत रेटतात. मागच्या बाजूचे दांते वर उसळत असतात. कापलेली खांच तेथें मिटून पात्याला चिमटा बसला, कीं ते फळी उचलतात आणि कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. करवतीचें भय आहे तें या फेकण्याचें.

खांच कां मिटते, हें भारतांतील वाचकाला लहानपणींच एका माकडानें शिकवलेलें आहे. पंचतंत्राच्या आरंभींच ती गोष्ट येते. देवळाचें काम चाललेलें असतें. सुतार अर्धा चिरलेला ओंडका टाकून, त्याच्या फटींत खैराची पाचर ठोकून जेवावयास जातात. माकड ओंडक्यावर बसतें, पाचर उपटतें आणि फटींत चेंगरून मरतें. कथेचें तात्पर्य नसत्या उठाठेवीविषयीं आहे, पण तिच्यांतलें सुतारकाम अगदीं खरें आहे. लांकडांत ताण दडलेला असतो. तें चिरलें कीं ताण मोकळा होतो आणि दोन्ही फांका पुष्कळदां एकमेकींकडे झुकतात. त्यांना दूर ठेवण्यासाठीं पाचर हवी. यंत्राच्या करवतीमागें, पात्याला लागूनच, एक पातळ पोलादी पट्टी उभी असते. ती हीच पाचर होय. फळी पुढें सरकेल तशी ती खांचेंत शिरते आणि खांच मिटूं देत नाहीं. ती कापीत नाहीं, फिरत नाहीं, आवाज करीत नाहीं. त्यामुळें पुष्कळांना ती अडगळ वाटते आणि तिची रवानगी खोक्यांत होते. पात्यावरचें झांकणही त्याच वाटेनें जातें.

महाराष्ट्रांतील शहरांत ही गोष्ट आतां वखारीपुरती राहिलेली नाहीं. बिऱ्हाडांत कपाटें करावयास येणारे सुतार पुष्कळदां फरशी कापण्याच्या हातकटरालाच लांकडाचें चार इंची दांतेरी पातें लावतात. हें कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतें. तें दगडासाठीं केलेलें असतें, आणि दगडाच्या चकतीला दांते नसतात; म्हणून त्याला पाचरपट्टी नसते, आणि झांकण असलें तरी तें लांकडाच्या दांतेरी पात्याच्या बेताचें नसतें. "वर्षानुवर्षें असेंच करतों, कांहीं होत नाहीं," असें मिस्त्री सांगतो, आणि तो खोटें बोलत नसतो. पाचर उपटीपर्यंत माकडालाही कांहीं झालें नव्हतें.

ज्या घरांत काम चाललें असेल, त्या घरच्या माणसांनीं चार गोष्टी पाहिल्या तरी पुरे. लांकडासाठीं लांकडाचीच करवत आहे कीं नाहीं. तिचें झांकण आणि मागची पट्टी जागेवर आहे कीं नाहीं. पातें बदलतांना तार भिंतींतून काढली आहे कीं नाहीं. आणि करवत चालू असतांना मुलें त्या खोलींत नाहींत ना. यांपैकीं कांहीं चुकलें असेल तर मिस्त्रीला थांबवून विचारावयास संकोच करूं नये. गोष्टींतला म्हातारा अडाणी खरा. पण यंत्र सुरू होतांच तो दोन पावलें मागें सरला आणि मग त्यानें प्रश्न विचारला. करवतीपुढें तेवढी रीत पाळली, तर अडाणीपणाचें मोल हंसण्यावारीं फिटतें.